डाव्या हाताची खुर्ची

सासू-सुनेचं पटत नाही असं जे म्हणतात, त्यांना या दोघींनी बरीच वर्षं खोटं पाडलं होतं. पटायचं कारणही साधं होतं. सासूबाईंना अलीकडे सुईत दोरा ओवता यायचा नाही, आणि सुनेला दोरा ओवण्यापलीकडे शिवणातलं काही यायचं नाही. एकीचं दुसरीवाचून अडायचं, त्यामुळे भांडायला सवड उरायची नाही.

सासूबाई शाळेत शिवण शिकवायच्या. जन्मभर मुलींच्या मागे लागल्या, टाका सरळ घाला, मागची बाजू स्वच्छ ठेवा. निवृत्त झाल्यावर मागच्या खोलीत खिडकीपाशी टेबल मांडून त्यांनी स्वतःच वाकडेतिकडे टाके घालायला सुरुवात केली. जुन्या शर्टांच्या कॉलरी, गोळ्यांची रिकामी चंदेरी पाकिटं, चहात बुडवून वाळवलेले कागद, मोडक्या चेन, कुणाच्या तरी एक्स-रेचे तुकडे, गंजक्या खिळ्यांना ओलं कापड गुंडाळून उठवलेले तांबूस ठसे, असं सगळं एका कापडावर येऊन बसायचं आणि टाक्यांनी पक्कं व्हायचं. घरातलं काही फेकायची सोय उरली नव्हती. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा, दिवसभर वर-खाली करून घरी आला की म्हणायचा, या घरात माणसाने एका जागी फार वेळ बसू नये, आई टाका घालून टाकेल.

त्यांची बसायची रीत ठरलेली. कापड लाकडी चौकटीवर ताणलेलं, आणि चौकट टेबलाला स्क्रूने आवळलेली, कारण हलणाऱ्या कापडाचा त्यांना भारी राग. उजवा हात वरून सुई घालायचा, डावा हात कापडाखाली थांबून ती घ्यायचा आणि परत वर द्यायचा. डाव्या हाताच्या बोटात अंगुस्तान, म्हणजे शिंप्यांची ती धातूची टोपी. आणि चौकटीच्या डाव्या हाताला एक खुर्ची होती, ती सुनेची. सून फ्रेमच्या दुकानात कामाला होती. संध्याकाळी घरी आली की त्या खुर्चीत बसून सुया ओवायची, एकेक करून टाचणगादीला टोचून ठेवायची आणि दुकानात आलेल्या नगांच्या गोष्टी सांगायची. सासूबाई हसता हसता टाके घालायच्या.

याखेरीज वही होती. सकाळचा चहा झाला की रोज एक पान. तळहाताएवढा कापडाचा तुकडा, त्यावर त्या दिवशी हाताशी येईल ते काहीतरी शिवलेलं, आणि शेजारी पेन्सिलीने चार शब्द: "पुडीची दोरी चांगली निघाली", "आज निळा जमला नाही", "सुनेला सर्दी". वही टेबलावर उघडीच पडलेली असायची. पाहुणेसुद्धा चाळायचे, वा वा करायचे आणि ठेवून द्यायचे.

बिघडलं ते चहावरून.

एका संध्याकाळी सुनेने नेहमीसारखा कप सासूबाईंच्या डाव्या हाताशी ठेवला आणि खुर्चीत बसली. थोड्या वेळाने सासूबाई म्हणाल्या, "आज चहा मिळणार आहे की नाही?"

"ठेवलाय की, आई."

सासूबाईंनी चौकटीच्या उजवीकडे पाहिलं, टेबलाखाली पाहिलं. "कुठे ठेवलास?"

सुनेने कप उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवला. "हां, आत्ता आणलास होय," असं म्हणून त्या गार चहा प्यायल्या. सुनेला वाटलं, गंमत करतायत. दुसऱ्या दिवशी तेच झालं, तिसऱ्या दिवशीही तेच झालं, तेव्हा गंमत वाटेनाशी झाली. मग बोलणं तुटलं. सून शेजारी बसून अख्खी गोष्ट सांगायची आणि समोरून हूं की चूं नाही. एकदा तर ती हाताच्या अंतरावर बसलेली असताना सासूबाईंनी दाराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, कुठे आहेस? दोरा संपला."

सुनेने आपल्या आईला फोन लावला. आईला असल्या वेळी फार विचार करावा लागत नसे. "सासू शेवटी सासूच," आई म्हणाली. "इतके दिवस तुला दिसली नव्हती, एवढंच."

लेकी बोले सुने लागे म्हणतात, पण या घरात लेक नव्हती, त्यामुळे जे काय होतं ते थेट सुनेलाच लागत होतं. ती काही मूग गिळून बसणाऱ्यातली नव्हती, पण भांडायला निदान समोरच्याने आपल्याकडे बघावं तरी लागतं. शेवटी तिने मनाशी ठरवलं, आपली खुर्ची एवढी नकोशी झाली असेल तर राहू दे रिकामी. सकाळीच मूठभर सुया ओवून ती टाचणगादीला टोचून ठेवू लागली, गादी खिडकीकडे उजव्या अंगाला सरकवून दिली आणि संध्याकाळचं बसणं बंद केलं. का येत नाहीस, असं सासूबाईंनी एकदाही विचारलं नाही. ते तिला फार झोंबलं.

याच दिवसांत सासूबाईंचं नशीब उघडलं.

गावातल्या चित्रदालनाच्या बाई वर्षानुवर्षं त्यांचं काम परत पाठवत आल्या होत्या. या बाईंच्या टाचांचा आवाज त्यांच्या आधी खोलीत यायचा, म्हणून सासू-सुनेने त्यांचं नाव टकटक बाई ठेवलं होतं. टकटक बाईंचं उत्तर दर वेळी एकच असे: छान आहे, पण फार भरगच्च आहे, नजरेला श्वास घ्यायला जागा नाही. सासूबाई "बरं" म्हणायच्या, नग घरी आणायच्या आणि रात्रीच्या स्वयंपाकात मीठ जास्त पडायचं. या खेपेला मात्र टकटक बाई घरी आल्या आणि नव्या कामापुढून हलेनात. कापडाची उजवी बाजू पूर्वीसारखीच गच्च होती. कॉलरी, चेन, चंदेरी पाकिटं एकमेकांच्या अंगावर पडली होती. डावीकडे मात्र नुसतं कापड, आणि त्यावर चारदोन तपकिरी ठिपके.

"ही रिकामी बाजू," टकटक बाई म्हणाल्या. "हे धाडस तुम्हाला कुठून आलं?"

"रिकामी कुठे आहे?" सासूबाई म्हणाल्या. "भरलंय की सगळं."

टकटक बाईंनी मुलाकडे वळून पाहिलं. "ऐकलंत? हिला म्हणतात नजर. यांना रिकामपणसुद्धा भरलेला दिसतो." आणि तिथल्या तिथे प्रदर्शनाची तारीख ठरली.

सून दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. "भरलंय की सगळं" हे ऐकून तिच्या मनात पाल चुकचुकली. सासूबाई खोटं नम्र बोलणाऱ्यातल्या नव्हत्या, आणि त्यांच्या आवाजात खरंच नवल होतं. पण रुसलेल्या माणसाला स्वतःपलीकडचं फारसं दिसत नाही. ती ट्रे ठेवून निघून गेली. त्या संध्याकाळी सासूबाई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून एकट्याच रडत होत्या, आणि ते रडणं आनंदाचं होतं हे सुनेला पाठीवरूनच कळलं. तेवढ्यापुरती ती राग विसरली.

मग एकेक गोष्ट दिसू लागली. सासूबाईंच्या ताटातलं उजवीकडचं संपायचं आणि डावीकडचं तसंच राहायचं. केस एका बाजूने विंचरलेले, दुसऱ्या बाजूला झोपेचा गुंता. दारातून जाताना डावा खांदा चौकटीला आपटायचा आणि त्या दारालाच दटावायच्या. "नाव व्हायला लागलं की कलाकार असेच होतात," मुलगा कौतुकाने म्हणायचा. पिकतं तिथे विकत नाही असं ज्या आईबद्दल तो सगळ्यांना सांगायचा, तिचं आता विकायला लागलं होतं, आणि त्याचा ऊर भरून आला होता.

प्रदर्शनाचे नग फ्रेमसाठी सुनेच्याच दुकानात आले. कापड फ्रेमच्या पट्ट्यांवर ताणायचं तर ते पालथं घालावं लागतं. पालथं घातल्यावर जे दिसतं ते बघणाऱ्यांना कधी दिसत नाही, फ्रेमवालीला दिसतं. शिवण शिकवणाऱ्या बाईंची मागची बाजू पुढच्यासारखीच नीट असायची. इथे मात्र मागे तपकिरी ठिपकेच ठिपके होते, आणि सगळे एकाच ठिकाणी, टाके जिथे संपतात त्या कडेला, म्हणजे खालून हात धरायची जागा असते तिथे. पुढून जे चारदोन दिसत होते ते इथूनच पाझरून वर गेले होते. टकटक बाईंनी त्यांना गंजाचे ठसे म्हटलं होतं आणि प्रदर्शनाच्या पत्रकात तसंच छापायला दिलं होतं. सुनेने इतके गंजके खिळे ओल्या कापडात गुंडाळताना पाहिले होते की गंजाची नारिंगी कडा तिच्या ओळखीची होती. या ठिपक्यांना ती कडा नव्हती. तिने बोट गार पाण्यात बुडवून एका ठिपक्यावर टेकवलं. बोटाला फिकट लाली आली.

घरी आल्यावर ती कुणाशी न बोलता मागच्या खोलीत गेली. सासूबाई शेजारी गेल्या होत्या. अंगुस्तान टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात धूळ खात पडलं होतं. तिने वही पहिल्या पानापासून उघडली. सुरुवातीचे तुकडे कोपऱ्यांपर्यंत गच्च होते. मग डावी कड जराशी सैल झाली, बोटभर, मग दोन बोटं. पेन्सिलीचे शब्दही पानाच्या मध्यावर सरकले होते, आणि शेवटच्या पानांवर ते उजव्या काठाशी दाटीवाटीने उभे होते. जिथून कड सैल झाली त्या सुमाराच्या एका पानावर चहाच्या पुडीचा कागद शिवलेला होता आणि खाली लिहिलं होतं: "आज चहा उशिरा मिळाला."

सून तिथेच बसली. त्यांनी तोंड फिरवलंच नव्हतं, अबोलाही धरला नव्हता. चहा डावीकडे होता आणि सूनही डावीकडे होती. तिने रागाने सोडलेली ती खुर्ची सासूबाईंच्या लेखी त्याआधीच नाहीशी झाली होती.

नवरा घरी आल्यावर तिने त्याला वही दाखवली, ठिपक्यांचं सांगितलं, ताटाचं सांगितलं.

"तू म्हणजे ना, सुतावरून स्वर्ग गाठतेस," तो म्हणाला.

"सूत नाही, रक्त आहे. त्यांना टोचलेलं कळत नाहीये. उद्याच डॉक्टरांकडे नेऊ."

"उद्या? चार दिवसांवर उद्घाटन आलंय." तो बूट काढता काढता थांबला. "किती वर्षांनी तिचं कौतुक होतंय. तुला ते बघवत नाही का?"

तो वाईट माणूस नव्हता, थकलेला होता आणि आनंदात होता. पण ते वाक्य सुनेच्या वर्मी बसलं. सासूच्या कामात खोड काढणारी सून म्हणजे काय, हे सांगायला कुणाला पुरावा लागत नाही. अख्ख्या गल्लीने तेच म्हटलं असतं, तिच्या आईनेसुद्धा. तिने तोंड मिटलं. मध्ये दोन दिवस गेले, आणि त्या दोन दिवसांत ती दुकानात पट्ट्या कापत, खिळे ठोकत, त्या रक्ताला काचेआड बसवत राहिली.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी मात्र तिला राहवेना. एक लहान नग तिने मुद्दाम फ्रेम न करता घरी आणला होता. तो घेऊन ती मागच्या खोलीत गेली, डाव्या हाताची खुर्ची उचलली आणि चौकटीच्या उजवीकडे, खिडकीपाशी नेऊन ठेवली.

सासूबाईंनी वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "अगं, कुठे होतीस इतके दिवस?"

सुनेने तो नग त्यांच्या पुढ्यात धरला. ती म्हणाली, "आई, हा डाग काढायचा होता."

सासूबाईंनी कापड उजेडात धरलं. "रक्ताचा आहे. कुणाचं बोट टोचलं? तुझं का? मग मी शिकवलं होतं ना, ज्याचं रक्त त्याचीच थुंकी. दुसऱ्याची लावून उपयोग नाही." शिवणारे हे मानतात. खरं-खोटं त्यांचं त्यांना ठाऊक. सुनेने पांढऱ्या दोऱ्याचा बोळा तोंडात ओला करून डागावर टेकवला. डाग नुसता पसरला.

"माझं नाही," ती म्हणाली. "तुम्ही बघा लावून."

"माझं कसं असेल? मला टोचलं असतं तर कळलं नसतं का?" असं म्हणत त्यांनी हसतच दुसरा बोळा तोंडात घेतला, चघळला आणि डागावर हलके हलके टेकवला. डाग बोळ्यात उतरला आणि कापड पांढरं झालं. सासूबाई त्या पांढऱ्या जागेकडे बघत राहिल्या.

सुनेने वाकून चौकटीखालचा त्यांचा डावा हात धरला, अलगद वर घेतला आणि उजवीकडे, त्यांच्या डोळ्यांपुढे आणला. बोटांची टोकं टोचून टोचून काळी पडली होती, एका बोटाला सूज होती. सासूबाईंनी तो हात निरखून पाहिला, शाळेत एखाद्या मुलीचं बिघडलेलं काम बघावं तसा.

"कुणाचा हात आहे गं हा?" त्या म्हणाल्या. "किती टोचून घेतलंय बिचारीने."

"तुमचा आहे, आई."

त्यांनी उजव्या हाताने ते मनगट चाचपलं, मग कोपर, मग दंड, मग खांदा, आणि खांद्यावरून त्या स्वतःच्या गळ्याशी पोचल्या. तिथे त्यांचा हात थांबला. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. सासूबाईंचा चेहरा हळूहळू उतरत गेला आणि त्या एकदम म्हाताऱ्या दिसू लागल्या.

"कुणाला बोललीस?" त्यांनी विचारलं.

"यांना सांगितलं. पटलं नाही."

"मग राहू दे. उद्याचा दिवस होऊ दे. परवा तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येते."

"आई, हे थांबण्यासारखं नाही."

"जन्मभर मला भरगच्च म्हणून परत पाठवलं," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढला नाही. "आता ज्याला ते धाडस म्हणतायत तो आजार निघाला, तर उद्या लोक भिंतीवर काय बघतील? माझं काम बघतील की माझा आजार? एक दिवस मला माझ्या नावाने उभं राहू दे. मला शब्द दे."

सुनेने नाही म्हणायला हवं होतं, आणि हे तिला तेव्हाही कळत होतं. पण इतक्या दिवसांनी सासूबाई तिच्याकडे बघून बोलत होत्या. तिने शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दालन माणसांनी भरलं. पांढऱ्या भिंती, त्यावर सुनेने ठोकलेल्या फ्रेमा, आणि प्रत्येक फ्रेमपुढे मान तिरकी करून उभी असलेली माणसं. शांतता, धाडस, अर्धं सोडून दिलेलं वाक्य, असं काय काय ऐकू येत होतं. सासूबाई नव्या कपड्यांत बसल्या होत्या, केस सुनेने स्वतः दोन्ही बाजूंनी विंचरले होते. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि त्यामुळेच सुनेचा जीव थाऱ्यावर नव्हता.

तेवढ्यात टकटक बाईंनी टाळी वाजवली. दालनाच्या मधोमध एका टेबलावरचं कापड त्यांनी दूर केलं. खाली चौकट होती, टेबलाला आवळलेली, तिच्यावर कोरं कापड ताणलेलं. "आता बाई आपल्यासमोर चार टाके घालून दाखवतील," त्या म्हणाल्या. याची कुणाला कल्पना नव्हती. सुनेने पुढे व्हायचं म्हटलं तर मध्ये भिंतीसारखी माणसं उभी, आणि नवऱ्याने तिचा हात धरला. "आता काही बोलू नकोस," तो पुटपुटला.

सासूबाई खूश होत्या. त्या चौकटीपुढे बसल्या, डावा हात सवयीने आपोआप कापडाखाली गेला. टकटक बाई डावीकडून चालत येऊन काही विचारू लागल्या. सासूबाईंनी उजवीकडे बघून मान डोलावली आणि सुईला हात घातला. लोक हसले. काय ही एकाग्रता, असं कुणीतरी म्हणालं.

पहिला टाका निळ्या दोऱ्याचा पडला, मग दुसरा. चौकटीच्या मध्याशी, टाक्यांच्या डाव्या कडेला, एक लाल ठिपका उमटला. तो बटणाएवढा झाला, मग त्याहून मोठा.

"रंग भरलाय का आत?" पुढच्या रांगेतल्या एका माणसाने विचारलं.

"बघत राहा," टकटक बाई म्हणाल्या. दोघातिघांनी मोबाइल वर धरले.

सासूबाईंनी आणखी एक टाका ओढला. दोरा पुरता आला नाही. त्यांनी जोराने ओढला, तर कापडाखालून एक उंचवटा वर आला आणि कापडाला चिकटून राहिला. दोरा पुन्हा ओढला, उंचवटा पुन्हा हलला. "काहीतरी अडकलंय," त्या वैतागून म्हणाल्या. "अगं, कुठे आहेस? बघ गं जरा." लोक पुन्हा हसले, आणि मागे कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

नवऱ्याची पकड सुटली. त्याच्याकडे बघायला सून थांबली नाही. माणसं ढकलून ती पुढे गेली, टेबलावरची कात्री घेऊन गुडघ्यांवर बसली आणि चौकटीखाली शिरली. सासूबाईंची दोन बोटं कापडाला शिवलेली होती. निळा दोरा त्यांच्या बोटांतून आरपार गेला होता, टाके जवळजवळ आणि अगदी सरळ. सुनेने दोरे कापले. रक्त तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं. शेजारी नवरा येऊन बसला होता आणि आपल्या रुमालात आईचा हात गुंडाळत होता.

"काय अडकलं होतं गं?" वरून सासूबाईंनी विचारलं.

दिलेला शब्द सुनेला आठवला. ती चौकटीखालून बाहेर आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तुमचा हात होता, आई."

टाळ्या थांबल्या.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी डोक्याच्या आतला फोटो दिव्यावर लावला आणि उजव्या अंगाला पेनाचं टोक टेकवलं. गाठ होती, वाढत होती. "डोळे उत्तम आहेत," डॉक्टर म्हणाले. "डावीकडे काही असतं, हेच त्यांच्यापुरतं संपलंय. कधीपासून आहे हे?"

"चहापासून," सून म्हणाली, आणि तिने सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी लिहून घेतलं. "रोज शेजारी बसणारं कुणी असतं तर तेव्हाच लक्षात आलं असतं," ते लिहिता लिहिता म्हणाले. त्यांना काय माहीत होतं? नवऱ्याने बायकोकडे पाहिलं आणि मान खाली घातली. दोघांपैकी कुणाजवळही दुसऱ्याला बोल लावायला तोंड उरलं नव्हतं. संध्याकाळी टकटक बाईंचा निरोप आला, तब्येतीची चौकशी होती आणि शेवटी एक ओळ होती, ते कापड कृपया धुऊ नका. दालनातून निघताना चौकटीवरून काढून आणलेलं ते कापड सुनेने त्याच रात्री गार पाण्यात भिजत घातलं.

मेंदूवरची सूज उतरल्याशिवाय ऑपरेशन करता येत नव्हतं. झालं तरी गेलेलं परत येईल असं डॉक्टर म्हणत नव्हते. सासूबाईंना पलंगाला टेकवून बसवलं होतं, डाव्या हाताला पट्टी होती, आणि त्यांनी वही मागितली. सून खुर्ची घेऊन त्यांच्या उजवीकडे बसली. लहानसा तुकडा तिने एका हाताने ताणून धरला आणि दुसरा हात कापडाखाली ठेवला, बोटात अंगुस्तान घालून. सासूबाई वरून सुई घालायच्या, सून खालून घेऊन वर द्यायची. पहिल्यांदा गोंधळ झाला, मग लय सापडली. सासूबाई दुकानातल्या गोष्टी विचारू लागल्या, सून सांगू लागली, आणि एका गोष्टीला तर त्या एवढ्या हसल्या की नर्स डोकावून गेली. कितीतरी दिवसांनी सुनेला बरं वाटलं.

टाके पानाच्या मध्यावरून सुरू झाले होते. सकाळ सरता सरता ते मध्याच्या पलीकडे, उजव्या काठाकडे सरकले.

"अगं," सासूबाई दाराकडे बघत म्हणाल्या, "कुठे आहेस? दोरा संपला."

सुनेचा खांदा त्यांच्या खांद्याला लागून होता. "इथेच आहे, आई," ती म्हणाली, पण त्यांची नजर तिच्यावरून तशीच पुढे गेली. ती उठली, खुर्ची उचलून आणखी उजवीकडे ठेवली आणि बसली.

"हां, आलीस," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी सुई पुढे केली.

सुनेने दोरा ओवून दिला. दुपारी डॉक्टर येऊन गेले, परवा सकाळी नेऊ म्हणाले. संध्याकाळी खिडकीतला उजेड उतरत असताना सासूबाईंनी परत मान वळवली आणि त्या कुणाला तरी शोधू लागल्या. सुनेने काही न बोलता खुर्ची पुन्हा सरकवली. खुर्चीचा पाय कशाला तरी आपटला, तेव्हा तिने मागे वळून पाहिलं. पलीकडे भिंत होती.